काचेवरची रेघ

रत्नागिरीहून दरवर्षी इंजिनिअरिंगची पोरं आमचा बर्फाचा कारखाना बघायला येतात आणि दरवर्षी मी त्यांना एकच गोष्ट सांगतो. म्हणजे सांगत होतो. एका कारखान्यात एक फिटर होता, त्याने दाबाच्या घड्याळाची काच पुसायला काढली, परत बसवताना ती फिरली, आणि त्यापायी दोन माणसं मेली. म्हणून पोरांनो, धोक्याची रेघ काचेवर मारू नये, आतल्या तबकडीवर मारावी. एवढं सांगायचं. पोरं वहीत उतरवून घ्यायची, त्यांचे मास्तर मान हलवायचे, आणि मी त्यांना बर्फाच्या लाद्या दाखवायला पुढे न्यायचो. कारखाना कुठला ते कोणी विचारलं नाही. फिटरचं नाव तर नाहीच. असल्या फिटरचं नाव कोण कशाला विचारतो!

या पौषात मात्र एका चष्मेवाल्या पोराने पेन्सिल थांबवून विचारलं, "त्या फिटरचं पुढे काय झालं?"

मला आधी रागच आला. काय झालं म्हणजे? जेवला, झोपला, कामावर आला. आणखी काय होणार? त्या दिवशी घड्याळ उघडून दाखवायचं म्हणून मशीन मी बंद केलं होतं, नाहीतर त्याच्या धडधडाटात असले प्रश्न ऐकूच येत नाहीत. बाहेर भुसा भरणाऱ्या बायका जेवायला गेलेल्या. सगळं गप्प होतं आणि तो पोरगा माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

मी म्हटलं, "तो फिटर मीच."

माझं नाव हरिश्चंद्र. आईने मोठ्या हौसेने ठेवलं. लोक भाई म्हणतात तेच बरं आहे, नाहीतर प्रत्येक हाकेला मान खाली घालावी लागली असती.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तेच आता इथे सांगतो.

मालवणचा हा कारखाना एकोणसाठ साली निघाला. बांगडा आला की तो मुंबईपर्यंत टिकवायला बर्फ लागतो, आणि तोवर बर्फ बाहेरून यायचा तो वाटेतच अर्धा पाणी व्हायचा. शेटने कुठूनसं एक जुनं मशीन घेतलं आणि शिडाच्या पडावातून इथवर आणलं. मी मुंबईला गोदीत अकरा वर्षं फिटर होतो. शेटने बोलावलं, गाव मिळतो तर कशाला सोडा म्हणून आलो.

काम म्हणाल तर साधं. अमोनिया नावाचा वायू दाबायचा. दाबला की तो तापतो. विहिरीचं पाणी पाइपांवर सोडून त्याला निववायचा, आणि मग मोकळा सोडला की तो असा गारठतो की डब्यांतलं पाणी गोठतं. विहिरीचं पाणी कमी पडलं की वायू निवत नाही आणि दाब चढत जातो. तो किती चढला ते भिंतीवरचं घड्याळ दाखवतं. गेज म्हणतात त्याला, पण आमच्याकडे सगळे घड्याळच म्हणतात. जत्रेत पोरं ती गुंडाळीची कागदी पिपाणी घेतात ना, फुंकली की उलगडते ती? या घड्याळाच्या पोटात तशीच एक वाकडी पोलादी नळी असते. दाब भरला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा पुढे सरकतो. दीडशे ते पावणेदोनशे पौंड म्हणजे ठीक. दोनशेच्या वर जायचं नाही.

याशिवाय एक व्हॉल्व असतो. दाब फारच चढला तर तो आपणहून उघडतो आणि वायू बाहेर सोडतो. आमचा व्हॉल्व खाऱ्या हवेने गंजला आणि गळायला लागला. शेजारच्या माडाच्या बागेतली माणसं वासाने हैराण होऊन भांडायला आली. शेटने व्हॉल्व काढून दुरुस्तीला मुंबईला पाठवला आणि त्याच्या जागी मला बूच मारायला सांगितलं. मी म्हटलं, तोवर मशीन बंद ठेवूया. शेट म्हणाला, बांगडा थांबतो काय? मी बूच मारलं. मारायला नको होतं, पण मारलं. मग राहिलं काय, तर ते घड्याळ आणि घड्याळाकडे बघणारा माणूस.

तो माणूस दत्ताराम. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुगंधाचा नवरा.

दत्ताराम पंधरा वर्षं पडावावर खलाशी होता. पडावांचे दिवस संपत आले तेव्हा मी शेटकडे शब्द टाकला आणि त्याला मशीनवर लावलं. शाळेचं तोंड त्याने बघितलं नव्हतं. आकडे येत नव्हते, आणि घड्याळावरचे तर इंग्रजी. पण माणूस असा की वारा कुठून फिरणार ते अर्धी घटका आधी सांगायचा. डोळा चुकायचा नाही त्याचा. म्हणून मी त्याच्यासाठी रेघ मारली. तबकडीवर मारायची तर काटा काढावा लागतो, मग तो परत जुळवत बसा. एवढी खटपट कोण करतो? काचेवर सोपं. काच काढली, आतल्या बाजूने तांबड्या एनॅमलची रेघ ओढली आणि ती बरोबर दोनशेच्या आकड्यावर येईल अशी बसवली. आतून मारली म्हणजे हात लागून पुसणार नाही, हा माझा शहाणपणा. चार जणांना सांगूनसुद्धा झाला.

दत्तारामला मी सांगितलं की काटा रेघेला टेकला की पट्टा काढायचा आणि मशीन बंद करायचं. कोणाला विचारायचं नाही, शेटलाही नाही. आणि दोन वर्षं त्याने तसंच केलं. घड्याळासमोर स्टूल टाकून बसायचा, मांडीवर पानाची डबी, नजर काट्यावर. व्हॉल्व मुंबईला गेला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं की आता फक्त तुझा डोळा आहे. तो हसला होता. म्हणाला, पडावावर तरी दुसरं काय होतं?

एकसष्ट सालची खंडेनवमी. त्या दिवशी सगळीकडे हत्यारं पुजतात, आमच्याकडे मशीन पुजतात. मशीन बंद, फरशी धुतलेली, दाराला आंब्याचे टहाळे. अमोनियाच्या वासाने पितळ हिरवं पडतं, म्हणून जेवढं म्हणून पितळ आहे तेवढं त्या दिवशी चिंचेने घासून सोन्यासारखं करायची आमची रीत. घड्याळाची काच धरून ठेवणारी गोल कडी पितळेची. मी स्क्रू सोडवून कडी काढली आणि घासायला दिली. काच माझ्याच धोतराच्या सोग्याने पुसली. तिकडे भटजी खोळंबलेले, शेटीण पाटावर बसलेली, शेट हाका मारतोय. मी काच ठेवली, वर कडी ठेवली, स्क्रू पिळले. काच गोल. गोल काचेला डोकं कुठलं नि पाय कुठले? मी वर कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचा हार घातला, कोहळा कापला, नारळ फोडला आणि मशीनच्या पाया पडून घरी गेलो.

रेघ दोनशेवरून चाळीसेक पौंड पुढे सरकली होती. दोन बोटांचा फरक.

मला का दिसलं नाही म्हणून त्या चष्मेवाल्याने विचारलं. चांगला प्रश्न. अरे, मी आकडे वाचतो! मी घड्याळाकडे बघायचो तो आकड्यांकडे. रेघ माझ्यासाठी नव्हतीच, ती अडाणी माणसासाठी होती. अडाणी माणसाला मात्र दिसलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी मशीनचं गळतं पॅकिंग बदलत होतो. शेट नुकताच येऊन लाद्या कमी निघतात म्हणून चार माणसांत मला बोलून गेला होता. माझं डोकं तापलेलं. लाद्या ओढणारा महादू आणि आणखी दोघेतिघे तिथेच उभे होते. दत्ताराम जवळ आला, जरा थांबला आणि हळूच म्हणाला,

"भाई, रेघ सरकलीशी वाटता. आदी काटो दुपारी रेघेच्या जवळ येत होतो. आता लांबच रवता."

मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. बघितलं असतं तर घड्याळ माझ्यापासून सहा पावलांवर होतं.

मी म्हटलं, "रेघ मी मारलंय. तुका आकडे येतत काय? नाय मां? मगे गप काम कर."

महादू आणि ते बाकीचे हसले. दत्तारामही थोडा हसला, आणि जाऊन स्टुलावर बसला. परत त्याने विचारलं नाही. पडावावर मुख्य असतो तो तांडेल, त्याला एकदा सांगायचं असतं, दोनदा नाही. वारा असा आहे म्हणून खलाशाने एकदा सांगितलं, तांडेल गप म्हणाला, की मग पडाव खडकावर गेला तरी खलाशी तोंड उघडत नाही. पंधरा वर्षं तो त्या शिस्तीत वाढलेला. त्याचा तांडेल मी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसला माझा स्वभाव. सुंभ माझा जळला नाही, जळला दुसऱ्याचाच.

त्यानंतर आठ दिवसांनी, दिवाळी तोंडावर आलेली. बंदरात बांगड्याची रास लागली होती, आणि आश्विनातलं ऊन तुम्हांला ठाऊक आहे, भाजून काढतं. मशीन सकाळपासून चालू. दुपारी विहिरीवरच्या पंपाच्या जाळीत बदामाची पानं अडकली आणि पाणी निम्म्यावर आलं. हे नंतर कळलं. मी तेव्हा धक्क्यावर एका लाँचचं इंजिन बघत होतो. काटा दोनशेच्या पुढे गेला, दोनशे वीस झाला असेल, दोनशे तीस झाला असेल. दत्ताराम स्टुलावर बसून बघतच होता. झोपला नव्हता, उठून गेला नव्हता. काटा रेघेच्या अलीकडे होता, म्हणून तो थांबला होता.

पाइपाचा जुना सांधा फुटला. धक्क्यावर मला आवाज आला आणि पाठोपाठ वास. अमोनियाचा वास म्हणजे नाकात मिरची नव्हे, नाकात सुरी. मी धावत आलो तर माणसं डोळे चोळत, ओकत बाहेर पडलेली. दत्तारामही बाहेर आला होता, पण महादू बर्फाच्या टाकीपाशी आत राहिला म्हणून परत गेला. तोंडाला ओला पंचा बांधून गेला. महादूला त्याने दारापर्यंत ओढत आणलं आणि तिथे दोघे पडले. महादू तिथेच गेला होता. दत्तारामला आम्ही बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

त्याच्या डोळ्यांवर पट्ट्या, घसा भाजलेला, शब्द फुटत नव्हता. छातीतून नुसती घरघर. संध्याकाळी मी खाटेजवळ बसलो, सुगंधा पायथ्याशी उभी. त्याने चाचपडत माझा हात धरला. तळवा उलटा केला आणि त्यावर बोटाने एक रेघ ओढली. मग पुन्हा एक, पहिलीपासून जरा दूर. मग दोन्हींच्या मधली जागा बोटाने चाचपली.

मला कळलं. तिथल्या तिथे कळलं.

सुगंधाने विचारलं, "काय म्हणतत?"

मी म्हटलं, "पाणी मागता."

तिने वाटीतून चमचाभर पाणी त्याच्या ओठांवर घातलं. त्याने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटने बोलावणं धाडलं. मुंबईहून इन्स्पेक्टर यायचा होता. व्हॉल्व दुरुस्त होऊन आठ दिवसांपूर्वीच आला होता आणि शेटच्या माडीवर पडून होता. बूच काढ आणि तो बसव, शेट म्हणाला. बैल गेला आणि झोपा केला. मी तो बसवायला गेलो. शेड रिकामं, दत्तारामचं स्टूल घड्याळासमोर तसंच, खाली पानाची डबी उपडी पडलेली. मी पहिल्यांदा नीट त्या रेघेकडे बघितलं. चार स्क्रू. कडी सोडवली, काच फिरवली, रेघ दोनशेवर आणली, स्क्रू पिळले. दोन मिनिटांचं काम. काचेवर कुंकवाचा डाग अजून होता, तो मी थुंकी लावून पुसला.

त्याच संध्याकाळी दत्ताराम गेला.

इन्स्पेक्टर आला तो सुटाबुटात, पण माणूस सभ्य. टेबलाशी बसून त्याने मला तीन प्रश्न विचारले. चालकाला धोक्याच्या रेषेची कल्पना होती का? होती, साहेब. रेषा कोणी आखली? मी. कुठल्या आकड्यावर? दोनशेवर. तिन्ही उत्तरं खरी होती. नावाला जागलो! साहेबाने स्वतः उठून घड्याळ बघितलं, रेघ बघितली, व्हॉल्व बघितला. शेटचं तोंड बंद होतं, कारण व्हॉल्वचं मला ठाऊक होतं. माझं तोंड बंद होतं, कारण माझं मला ठाऊक होतं. अहवालात आलं की चालकाच्या हयगयीमुळे अपघात. पुढे फाइल मिटली.

अहवाल मुंबईला गेला, पण हयगय आमच्या वाडीत राहिली. महादूची बायको तुळसा आणि माझी बहीण सुगंधा एकाच वाडीतल्या. दोघींच्या घरांमध्ये एक पाणंद आणि पाण्याला विहीर एकच. सुगंधा विहिरीवर आली की तुळसा आपली भरलेली कळशी ओतून टाकायची आणि दूर जाऊन उभी राहायची. मग बाकीच्या बायकाही तशाच दूर थांबायला लागल्या. देवीच्या जत्रेत सुगंधा रांगेत उभी राहिली तर तुळसा मोठ्याने म्हणायची की हिच्या घोवाच्या डुलकीन माझ्या घोवाक खाल्ल्यान. एकदा नाही, दरवर्षी. तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. सरकारी कागदच तसं म्हणत होता. शेटने तुळसाला कारखान्यात भुसा भरायला ठेवलं. लाद्या भुशात गुंडाळून जातात ना, तो भुसा. म्हणजे सात वर्षं ती रोज माझ्यासमोर.

आणि सुगंधा काथ्या वळत घरात. पोर नाही, बाळ नाही. मी तिला तांदूळ नेऊन द्यायचो, मासळी द्यायचो, दर वैशाखात तिचं छप्पर शाकारायचो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मी ऐकून घ्यायचो. लाज वाटायची, पण जेवण जायचं. माणसाला सगळं पचतं.

यंदाच्या भाऊबिजेला मी तिच्याकडे गेलो तर ती लंगडत दाराशी आली. घोटा हा एवढा सुजलेला. विचारलं तर सांगेना. मग खोदून विचारलं तेव्हा कळलं की वर्षभर ती वाडीच्या विहिरीवर जातच नव्हती. पाणंदीखालची जुनी बाव आहे, शेवाळलेल्या पायऱ्यांची, तिथून पाणी आणायची. तिथेच पाय घसरला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुळसाची आज खोडच मोडतो, समजते काय स्वतःला. आणि तसाच उठून दाराकडे निघालो.

"बस, भाई," सुगंधा म्हणाली. "तू जातंस तुळसाक बोलूक?"

तिचा आवाज चढला नव्हता. पण मी उंबऱ्यावर थांबलो. तिने पाट मांडलेला, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. वात अजून लावली नव्हती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तेंका पाणी नको होता, भाई. ता माका तेवाच कळला."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने हात वर केला. मग तिने जे सांगितलं ते असं. मी दत्तारामला चार माणसांत गप केलं त्या दुपारी तो जेवायला घरी आला आणि तिला म्हणाला की रेघ सरकली आहे, माझा डोळा चुकत नाही. ती म्हणाली, भाईला परत सांगा. तो म्हणाला, एकदा सांगितलं, भाई म्हणतो बरोबर आहे, म्हणजे बरोबर असेल, तो शिकलेला. पुढच्या आठ दिवसांत रोज जेवताना तो पाटावर बोटाने ती रेघ काढायचा आणि पुसायचा. तेच बोट तिने दवाखान्यात माझ्या तळव्यावर बघितलं. मी पाणी म्हटलं तेव्हा तिने पाणी घातलं, कारण सगळ्यांदेखत भावाला खोटा कसा पाडायचा? आपलेच दात नि आपलेच ओठ.

सात वर्षं तिला ठाऊक होतं. मी दिलेले तांदूळ ती शिजवत होती आणि तिला ठाऊक होतं. विहिरीवर शिव्या खात होती आणि एका शब्दाने त्या थांबवता आल्या असत्या, तो शब्द तिने काढला नाही. मला रडू आलं, आणि ते खोटं नव्हतं. मी तिचे पाय धरायला वाकलो तर ती सुजलेला पाय मागे ओढून घेत म्हणाली,

"तू आपणहून सांगशीत म्हणान वाट बघलंय. आता माका नको सांगू. तुळसाक सांग. सांगून ये, मगे ववाळतंय."

आणि तिने ताटावर दुसरं ताट झाकलं.

मी निघालो. तुळसाचं घर तिथून पन्नास पावलं. मी विहिरीपर्यंत गेलो, रहाटाला हात लावून उभा राहिलो आणि परत फिरून दुसऱ्या वाटेने घरी आलो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तुळसा भुशाची पाटी घेऊन समोरून गेली, मी घड्याळाकडे बघत राहिलो. असे दोन महिने गेले. रोज सकाळी ठरवायचं, रोज तोंड उघडायचं नाही. माणसाला गप करायला मला क्षण लागला नव्हता. स्वतःचं तोंड उघडायला दोन महिने पुरले नाहीत. परक्या पोरांना एका फिटरची गोष्ट सांगणं सोपं असतं, ती एसटीत बसून निघून जातात.

हे सगळं मी त्या पोरांना सांगितलं. सांगताना मी घड्याळाची काढलेली काच हातात धरून बोलत होतो आणि पाठ दाराकडे होती. सांगून झालं तेव्हा एकही पोर माझ्याकडे बघत नव्हतं. सगळी माझ्या मागे बघत होती.

मी वळलो. तुळसा दारात उभी होती, काखेला भुशाची रिकामी पाटी. जेवायला गेलेली बाई कधी परत आली, कुठपासून ऐकत होती, ठाऊक नाही. मशीन बंद होतं, आणि मला आवाज कमी ठेवायची सवय नाही.

तिने पाटी खाली ठेवली. मला वाटलं आता शिव्या देईल, मला वाटलं तीच पाटी डोक्यात घालेल. घातली असती तर बरं वाटलं असतं.

"दत्तारामान तुका इचारल्यान होता?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "होय."

तिने माझ्या हातातली काच बघितली. मग म्हणाली,

"माझो घोव गेलो तो गेलो. पण सात वर्सां त्या बायलेक मी पाणी भरूक दिलंय नाय. माझ्या घोवाक बाहेर काढूक गेलेल्याची बायल ती. ह्या पाप तू माझ्याकडसून कित्याक करून घेतलंस?"

ती थांबलीही नाही उत्तरासाठी. पदर कमरेला खोचला आणि उन्हातून वाडीच्या वाटेला लागली. पाटी तिथेच राहिली. ती कुठे गेली ते मला ठाऊक होतं. पाणंद ओलांडली की पहिलं घर सुगंधाचं. तिथे दोघी काय बोलल्या ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी अजून तिकडे गेलो नाही. सांगून ये म्हणाली होती सुगंधा. मी सांगितलं कुठे? तुळसाने ऐकलं.

मास्तर घसा खाकरून पोरांना म्हणाले की चला, एसटीची वेळ झाली. मशीनही चालू करायला हवं होतं, टाकीतला बर्फ नरम पडत होता. मी काच घड्याळावर ठेवली. हल्ली रेघ तबकडीवर आहे, काटा काढून, जुळवून, नीट मारलेली. पण काचेवरची जुनी रेघ मी खरवडून काढली नाही. काच बसवताना दोन्ही रेघा एकमेकींवर यायला हव्यात. मी कडी लावली, चार स्क्रू पिळले.

त्या चष्मेवाल्या पोराला मी जवळ बोलावलं आणि म्हटलं, तू बघ, दोन्ही रेघा एकावर एक आहेत का. तो पुढे आला, वाकला, चष्मा पुसून परत वाकला.

"आहेत," तो म्हणाला.

मी म्हटलं, "परत एकदा बघ."